दोन ढेपांची मोटर

माझ्यासारखा उंटावरचा शहाणा आमच्या गावात दुसरा झाला नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं कुणी माझी बाजू घ्यायला नको. गोष्ट नावेला मोटर लावण्याची आहे. ऐकायला चैनीची वाटेल. आमच्या घरात त्या वर्षी चैन कसली नव्हती, नुसता घोर होता.

आमचं गाव सांगलीच्या पलीकडच्या अंगाला, कृष्णा आणि वारणा यांच्या मधल्या बेचक्यात. उन्हाळ्यात बैलगाडी जुंपली की सांगलीच्या पुलावर जाऊन माणूस दिवस मावळायच्या आत बाजार करून घरी. पण श्रावणात पूर आला की पुलापर्यंतची सगळी वाट पाण्याखाली जाते आणि गाव चारी बाजूंनी कोंडतं. मग बाहेर पडायचं साधन एकच, गुळाची काहील. ज्या लोखंडी काहिलीत पौषात उसाचा रस आटवायचा, तीच पुरात पाण्यावर सोडायची, आत माणूस बसवायचा आणि चार पट्टीच्या पोहणाऱ्यांनी कडा धरून ती पलीकडं ढकलत न्यायची. परक्या माणसाला हसू येतं. आम्हाला येत नाही. आमच्याकडचे आजारी, अडलेल्या बाया आणि सरकारी टपाल पिढ्यान्‌पिढ्या असंच गेलंय.

लढाईच्या काळात मी ब्रह्मदेशात होतो, इंजिनिअरांच्या पलटणीत फिटर. तिकडं गुडघाभर चिखलात असताना घरचं पत्र आलं. आईनं शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घेतलं होतं. बायकोला आठव्यातच कळा लागल्या. पूर होता. दोनदा काहील सोडली आणि दोनदा माघारी आणली, पाण्याला ओढ फार. तिसऱ्या दिवशी मिरजेच्या दवाखान्यात पोचली तेव्हा पोर पोटातच गेलं होतं. शेवटी लिहिलं होतं, ‘सूनबाई वाचली, तू काळजी करू नयेस.’ ते पत्र मी घडी करून खिशात ठेवलं आणि त्या दिवशी एका ट्रकचं इंजिन उघडून पुन्हा बसवलं. दुसरं काय करणार होतो.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी तिला बजावून पाठवलं होतं, पुढचं बाळंतपण दवाखान्यातच झालं पाहिजे. घरी झालं तर पोराचीच काय, तुझीही खात्री नाही.

लढाई संपली, मी घरी आलो. दोन वर्षं गेली आणि तिला पुन्हा दिवस गेले. सासूसुनांनी बोटं मोजली. दिवस भरत होते श्रावणात.

आता अकलेचा माणूस काय करील? सांगलीत आईची मावसबहीण राहत होती. ती बिचारी निरोपावर निरोप धाडत होती, की ज्येष्ठ लागला की सूनबाईला माझ्याकडं आणून सोडा, इथून मिरज हाकेच्या अंतरावर. झालं होतं की काम. पण मी नाही म्हटलं. माझी बायको दोन-अडीच महिने दुसऱ्याच्या दारात पडून राहणार नाही, असं मी ताठ मानेनं सांगितलं. बायको म्हणाली, ‘‘दुसऱ्याचं दार कसलं? मावशीचंच हाय न्हवं?’’ मी तिच्यावर डाफरलो. खरं कारण वेगळं होतं. तोवर माझ्याकडं नाव आली होती.

त्या वर्षी संस्थानं विलीन झाली. राजेलोकांच्या कोठारांतलं अडगळीचं सामान बाहेर पडायला लागलं. कुणाच्या घोडागाड्या निघाल्या, कुणाची झुंबरं. जवळच्याच एका लहान संस्थानिकाच्या तळ्यावर सागवानी फळ्यांची एक छोटी स्पीडबोट उपडी पडून होती. पुढून निमुळती, वरून पिवळं वार्निश, आत दोन बाकं. मोटर आधीच कुणीतरी काढून नेलेली. पलटणीतून मिळालेली माझी पुंजी मी त्या नावेत घातली आणि ती बैलगाडीवर पालथी घालून गावात आणली. वेशीपासून घरापर्यंत लोक गाडीमागं चालत होते. एकानं विचारलं, ‘‘हे कुणाचं कलेवर आणलंस रं?’’ मी त्याच्याकडं बघितलंही नाही.

मला वाटलं, आता फक्त मोटर हवी. चिखलात रुतलेल्या माणसाला वर ओढणारा हात मिळावा तसं मला वाटलं होतं. पत्र आलं तेव्हा मी काही करू शकलो नव्हतो, या वेळी करणार होतो. रात्रंदिवस दुसरं काही डोक्यात नव्हतं.

आमच्या गावचा म्हातारा नावाडी रोज संध्याकाळी नाव बघायला यायचा. चाळीस-पन्नास पुरात काहील काढलेला माणूस. बोलायचा कमी. एक दिवस त्यानं मला नाव नदीवर न्यायला लावली, डोहातल्या निवांत पाण्यात सोडली आणि घरातून गुळाच्या ढेपा आणवल्या. म्हणाला, ‘‘मोटर कसली बी असू दे. आधी ह्या नावंची पाठ किती वजन सोसती त्ये बघू.’’ मला आत बसवलं आणि मागच्या फळीपाशी एक ढेप ठेवली. नाव किंचित बसली, पण खुशाल तरंगत राहिली. दुसरी ढेप ठेवली. मागची फळी पाण्यापासून चार बोटं वर उरली. नावाड्यानं ती चार बोटं मला स्वतःच्या हातानं मोजून दाखवली.

‘‘एका ढेपंवर जाऊ नगंस,’’ तो म्हणाला. ‘‘दोन ढेपा झाल्या की मागनं पानी घ्येतीय बघ. नाकापेक्षा मोती जड हुईल.’’

एवढं स्वच्छ कुठल्या इंजिनिअरनं मला पलटणीत सांगितलं नव्हतं. पण सांगणारा होता अडाणी नावाडी आणि ऐकणारा होता सरकारी शिक्क्याचा फिटर. मी मान डोलावली आणि सोडून दिलं.

मोटर मिळण्याजोगी दोन ठिकाणं होती. एक साताऱ्यात, एक सांगलीत.

साताऱ्यात किल्ल्याच्या पायथ्याशी एक निवृत्त सुभेदारसाहेब राहायचे. त्यांचा गोरा साहेब विलायतेला परत जाताना आपली मासेमारीची लहान मोटर त्यांना देऊन गेला होता. मी पत्र टाकलं, त्यांचं उत्तर आलं, ‘येऊन बघून जा.’ गेलो. अंगणात पाण्यानं भरलेलं पिंप, त्याच्या काठाला अडकवलेली ती मोटर. एवढीशी. सुभेदारसाहेबांनी वरच्या चाकाला दोरी गुंडाळली, एक हिसका दिला, आणि ती पिंपात गुरगुरायला लागली. पाणी उसळून माझ्या धोतरावर आलं.

‘‘पाच घोड्यांची आहे,’’ ते म्हणाले. ‘‘तुझ्या नावेला पुष्कळ झाली. आणि हे बघ.’’ त्यांनी मोटर एका हातानं वर उचलून आडवी केली. खालचा पंखा पाण्याबाहेर आला. ‘‘पंख्यात लव्हाळं अडकलं, चिंधी अडकली, तर बसल्या जागेवरून एका हातानं उचलायची, काढायचं, परत सोडायची. जड मोटरीचं तसं होत नाही, जवान. ती उचलायला माणसाला वाकावं लागतं आणि माणूस वाकला की नाव कलते.’’

किती मोलाचं बोलले. मी ‘जी साहेब’ म्हटलं. त्यांच्या घरी भाकरी खाल्ली. त्यांनी मोटर ज्या मोबदल्यात देऊ केली तो मागणं म्हणायच्या लायकीचाही नव्हता, एक गुळाची ढेप आणि वर्षाला एकदा भेटीला येणं. पण माझ्या डोळ्यापुढं पुरातली कृष्णा होती. झाडं उपटून आणणारी, म्हशी वाहून नेणारी. तिच्यापुढं पाच घोडे? मी म्हणालो, विचार करून कळवतो. सुभेदारसाहेब समजले. म्हणाले, ‘‘घरी विचारून बघ.’’

घरी विचारलं. बायको चुलीपुढं भाकरी थापत होती, सहावा महिना सरत आलेला. मी सगळं सांगितलं, लहान मोटर, पाच घोडे, पिंप. ती म्हणाली, ‘‘आवं, ल्हान हाय त्येच बरं. आपल्याला पल्याड जायाचंय, शर्यत न्हाई लावायची.’’

मला राग आला. तुला काय कळतं मोटरीतलं, असं म्हणालो. तिला मोटरीतलं कळत नव्हतं हे खरंच. पण दोन दिवस काहिलीत पडून पाण्याकडं बघितलेली ती होती, मी नव्हतो. हे मला कळायला फार उशीर लागला.

मग सांगली. तिथं स्टेशनच्या रस्त्याला लष्करी मोडीचं सामान विकणारा एक दुकानदार होता. पुण्याकडच्या डेपोतून लिलावात घेतलेला माल ट्रकनं शिरवळच्या रस्त्यानं यायचा. हेल्मेटं, पाण्याच्या बाटल्या, तंबू, टायर. त्या ढिगात ताडपत्रीखाली ती होती. बघितली तशी ओळखली. ब्रह्मदेशात हीच मोटर होती आमच्याकडं. बावीस घोड्यांची. रणगाडा चढवलेला तराफा हिनं एवढ्या रुंद नदीपार नेलेला मी या डोळ्यांनी बघितला होता. मी तिचा कार्ब्युरेटर अंधारात चाचपून साफ केला होता. परक्या मुलखात गावचं माणूस भेटावं तसं मला झालं.

दोघांनी उचलून ती ताडपत्रीवर ठेवली. दुकानदार म्हणाला, ‘‘घेऊन जा पैलवान. हिच्या पुढं नदी म्हणजे काय, ओढा.’’

मी वजन विचारलं नाही. हातानं उचलून बघितली तेव्हाच कळलं होतं, दोन ढेपांना थोडी कमी. नावाड्याची चार बोटं आठवली. मी ती आठवण बाजूला सारली. सुभेदारसाहेबांना दोन ओळींचं पत्र टाकलं, आपली मोटर आमच्या नदीला लहान पडेल, क्षमा असावी.

घरी आणली, फळीवर बसवली, पेच आवळले. नाव मागं बसली ती बसलीच. मग मी शहाणपणाचं आणखी एक काम केलं. वजन कमी करायचं म्हणून मागचं बाक काढलं आणि दोन्ही वल्ही काढून पडवीत टाकली. बावीस घोडे असताना वल्ही कशाला? नावाडी हे बघत होता. म्हणाला, ‘‘वल्ही ऱ्हाऊ दे गड्या.’’ मी म्हणालो, ‘‘तात्या, तुमचा जमाना गेला.’’

त्यानं विडी पेटवली आणि गेला.

आखाड लागायच्या आधी मी नाव डोहात चालवून दाखवली. पेट्रोलचं परमिट मिळवायला तालुक्याला चार खेपा घातल्या होत्या. तेल मिसळून टाकी भरली, दोरीला हिसका दिला आणि नाव जी उसळली, तोंड आभाळाकडं आणि शेपूट पाण्यात. काठावर सगळं गाव. पोरं ओरडत पळत होती. ज्यानं कलेवर म्हटलं होतं तोच टोपी उडवत होता. मी वळून बायकोकडं बघितलं. ती आईच्या मागं पोटावर हात ठेवून उभी होती आणि नावेच्या मागच्या फळीकडं बघत होती.

त्या रात्री तिनं पुन्हा एकदा मावशीचं नाव काढलं. मी म्हणालो, आजची नाव बघितलीस ना? ती म्हणाली, बघितली. तेवढंच.

श्रावणात पाणी चढलं. आधी नदीकाठच्या मळीचा ऊस बुडाला, मग वाट, मग मारुतीच्या देवळाची खालची पायरी. आणि पाणी अजून चढत असतानाच एका सकाळी उजाडता उजाडता तिला कळा लागल्या. आई आतून बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘चल बाबा, वाट बघू नगं.’’ मी नाव देवळाच्या पायरीला आणली. दोन बायांनी तिला धरून आणलं. पुढच्या भागात वाकळ अंथरून आडवं केलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

आमच्याकडं एक रीत आहे. गरवारशी बाई पुरातून न्यायची तर आधी नदीची ओटी भरायची. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. आईनं तर पहिल्या वेळेपासूनच नवस बोलला होता, सून सुखरूप पल्याड गेली तर कृष्णामाईला हिरवं लुगडं नेसवीन. ताट हातात घेऊन ती पायरीवर उभी राहिली, नाकात नथ घातलेली. दोन मिनिटांचं काम. पण माझ्या अंगात बावीस घोडे शिरले होते. मी ओरडलो, ‘‘आये, आता ओटी भरत बसतीस? पल्याड गेल्यावर भर. बस आधी.’’

माझी आई आयुष्यात कुणापुढं गप्प बसलेली मी बघितली नव्हती. त्या सकाळी बसली. ताट तिथंच ठेवलं, एक तांब्या आणि लुगडं तेवढं पदराखाली घेतलं आणि नावेत चढली. नावाडी तीन पोहणाऱ्यांना घेऊन देवळाच्या कट्ट्यावर बसला होता, शेजारी काहील. मी विचारलं, ‘‘ही कशाला आणली?’’ तो म्हणाला, ‘‘उगंच.’’

मोटर सुरू झाली. खोटं कशाला बोलू, नदीनं वाट दिली. अर्ध्यापर्यंत आम्ही लोणी कापावं तसे गेलो. मी मोठ्यानं म्हणालो, ‘‘आता आलोच.’’ बायकोनं डोळे मिटून मान हलवली.

मध्यधारेवर आलो तेव्हा आईला राहवलं नाही. तिच्या लेखी आपण कृष्णामाईच्या अंगावर पाय देऊन तिची ओटी न भरता चाललो होतो, आणि पहिलं नातवंड तिनं याच पाण्यापायी गमावलं होतं. तिनं लुगड्याची घडी मोडली. घडीचं लुगडं सोडत नाहीत, मोडूनच सोडतात, म्हणजे नदीनं ते नेसलं असं होतं. बाजूनं वाकून आईनं अख्खं नऊवार हिरवं लुगडं पाण्यावर पसरलं आणि हात जोडले. मी पुढं बघत होतो. लुगडं नावेच्या कडेनं मागं आलं आणि मोटरीखाली गेलं.

मोटर कण्हली आणि बंद पडली.

मी दोरी गुंडाळून हिसका दिला. चाक फिरेना. दुसरा, तिसरा. मग खाली बघितलं. पाण्यात हिरवं दिसत होतं. तेव्हा सुभेदारसाहेबांचा एक हात मला आठवला. मी मोटर उचलायला दोन्ही हातांनी वाकलो आणि मागची फळी पाण्याखाली गेली. घमेलंभर पाणी आत आलं. मी मागं सरलो. पुन्हा वाकलो, पुन्हा पाणी. आई तांब्यानं पाणी उपसायला लागली. ती रडत होती आणि काय झालंय ते तिला कळलं होतं. मी तिला शिव्या दिल्या. त्या आजही माझ्या कानात आहेत.

वल्ही पडवीत होती.

नाव वाहत खाली चालली, आणि मग एकदम थांबली. लुगड्याचं मोकळं टोक पाण्यातल्या बुडलेल्या बाभळीच्या काट्यांत अडकलं होतं. नदी पुढं जाणार आणि आम्हाला मागच्या फळीनं धरून ठेवलेलं. सगळी धार त्या चार बोटांवर येऊन आदळायला लागली. पाणी आत यायचं थांबेना. बायकोची वाकळ भिजली. ती कोपरावर उठली, पाठमोरी होती ती माझ्याकडं वळली आणि म्हणाली, ‘‘सोडा ती. मोटर सोडा.’’

पुढं काय झालं ते आमच्या गावात असं सांगतात, की यानं एक क्षण विचार केला नाही. दोन्ही पेच फिरवले आणि लाखमोलाची मोटर कृष्णेत सोडून दिली. बायकोपोरापुढं त्याला मोटर म्हणजे काय, ढेकूळ.

मोटर गेली तशी नाव उसळली आणि सुटली. ऊस बुडालेल्या मळीकडं वाहत गेली आणि उसाच्या शेंड्यांत अडकून हेलकावायला लागली. मी बसायच्या फळीनं वल्हवत होतो, आई हातानं. कुणाच्याच्यानं काही होत नव्हतं. बायको ओरडत होती, मधेच गप्प व्हायची आणि ते गप्प होणं मला ओरडण्यापेक्षा सोसत नव्हतं. मी देवाचं नाव घेतलं नाही. कुठल्या तोंडानं घेणार?

मग काहील दिसली. नावाडी आणि ते तिघं, चार डोकी पाण्यावर आणि मधे काळी काहील. आम्ही निघालो तेव्हाच ते मागून निघाले होते. नावाड्यानं मला एक शब्द विचारला नाही. चौघांनी बायकोला उचलून काहिलीत घेतलं, आईला तिच्याजवळ बसवलं. मी कडा धरून पाण्यात उतरलो. ‘‘सरळ ढकलू नगंस,’’ नावाडी म्हणाला. ‘‘तिरकं. तिच्या कलानं.’’ आम्ही तिच्या कलानं ढकललं.

पलीकडचा काठ दिसायला लागला तेव्हा माझी मुलगी काहिलीत जन्माला आली. पाच जणांनी कडेला तोंड फिरवलेलं, आईचे हात गुंतलेले. रडण्याचा आवाज आला तेव्हा मला पोहता येईना. नावाड्यानं माझी मानगूट धरली होती म्हणून मी वर राहिलो.

मिरजेच्या दवाखान्यात बायकोनं चार दिवस काढले. रक्त फार गेलं होतं. चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, घेऊन जा, पण पुन्हा पोर होणार नाही. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय मागं घेतले.

पुढच्या चैत्रात पाणी उतरल्यावर नावाड्याला ती मोटर वाळूत सापडली. लुगडं पंख्याला घट्ट गुंडाळलेलं, चिखलानं काळं. त्यानं गाडीतून आणून आमच्या दारात टाकली. मी तिच्याकडं बघू शकत नव्हतो. बायकोनं दिवसभर बसून लुगडं सोडवलं, सोड्यात उकळलं, धुतलं, आणि धड होता तेवढा तुकडा काढून मुलीच्या वाकळीला आतून लावला. ते करताना ती मला म्हणाली, शांतपणे, जेवायला या म्हणावं तसं.

‘‘सात.’’

‘‘काय सात?’’

‘‘मी सोडा म्हनल्यावर तुमी पेचावर हात ठिवला. तवापासनं मी सात श्वास घ्येतलं. कळ आली की श्वास मोजायचं, असं मला मागल्या येळी दवाखान्यातल्या बाईनं शिकवलंतं. मोजत हुते. मग तुमी सोडलीसा.’’

सात श्वासांत मी काय केलं ते मला ठाऊक होतं. मी विचार केला होता, की लुगडं आपोआप सुटेल. मी विचार केला होता, की अशी मोटर परत मिळायची नाही. बायको पाण्यात कळा देत होती आणि मला मोटर हवी होती. इतकं साधं होतं ते.

मुलगी मोठी झाली तशी तिला ही गोष्ट फार आवडायची. जेवताना सांगायला लावायची. आई सांगायची, मी सांगायचो, शेजारीपाजारी सांगायचे. दरवेळी त्या जागेवर आलो की मुलगी घास हातात धरून तिच्या आईकडं बघायची आणि विचारायची, ‘‘आणि बाबांनी लगेच सोडली?’’

बायको ताटात भाकरी वाढत असायची. वर न बघता म्हणायची, ‘‘व्हय. लगेच.’’

बायकोला जाऊन आता पाच वर्षं झाली. मागल्या महिन्यात नातवानं तीच गोष्ट सांगायला लावली आणि त्या जागेवर आल्यावर माझ्याकडं बघितलं. ‘लगेच’ म्हणणारं माणूस घरात उरलं नव्हतं. मी पाणी प्यायचं निमित्त करून उठलो. म्हणून हे लिहून ठेवतोय. लगेच सोडली नव्हती. सात श्वास लागले होते, आणि ते तिनं मोजले होते.